जुना होस्ट जातो तो कुठे जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत रात्रीच्या टॉक शोचा वीस-तीस वर्षं मुरलेला होस्ट जातो आणि त्याच्या जागी तेवढाच हुशार दुसरा माणूस बसवतात. कधी वर्षभरात घडी बसते, कधी सात महिन्यांत सगळं कोसळतं. वेळ तीच, नाव तेच, बघणारे तेच, मग घोडं अडतं कुठे?

मी मराठी वाहिन्यांसाठी नॉन-फिक्शन, म्हणजे मालिका सोडून बाकीचे कार्यक्रम, करत बावीस वर्षं काढली. गप्पांच्या कार्यक्रमाचा होस्ट बदलायची पाळी माझ्यावर दोनदा आली. एकदा जमलं, एकदा सपशेल आपटलो. आपटल्यानंतर अमेरिकेतली ही प्रकरणं वाचायचा, जुने एपिसोड शोधून बघायचा नाद लागला. सगळे लोक नव्यावरून भांडतात, की विनोदी आहे का, तरुण आहे का, पाहुण्यांशी नीट बोलतो का. मी आधी जुन्याचं विचारतो. तो उठून नेमका कुठे जाणार आहे? आणि ज्याला ही खुर्ची मिळणार असं सगळे धरून चालले होते, पण मिळाली नाही, तो कुठे जाणार आहे?

आपल्याकडे ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द नाटकवाल्यांचा. नटाच्या तारखा अडल्या की दुसरा उभा राहतो. आठ दिवसांत पाठांतर, दोन तालमी आणि रविवारी शिवाजी मंदिरला प्रयोग. प्रेक्षक पहिली दहा मिनिटं कुरकुरतो, मग नाटक त्याला ओढून नेतं. टॉक शोत ओढून न्यायला नाटकच नसतं. ‘कौन बनेगा करोडपती’चं उदाहरण लोक देतात. तिथे 2007 मध्ये अमिताभ बच्चन यांच्या जागी शाहरुख खान आला आणि 2010 मध्ये बच्चन परत आले. पण तिथे निदान प्रश्न होते, घड्याळ होतं, लाइफलाइन होत्या. रात्री साडेअकराच्या टॉक शोचा ऐवज म्हणजे मोनोलॉग (सुरुवातीचं होस्टचं एकट्याचं विनोदी बोलणं), एक टेबल, दोन-तीन पाहुणे आणि शेवटी गाणं. ते कुणीही मांडू शकतो. माणूस अंथरुणात पडल्या पडल्या, निम्मा झोपेत, रोज तोच चेहरा बघतो. बदलायची असते ती ही सवय, आणि सवय बदललेली कुणालाच आवडत नाही.

आता प्रकरणं बघू. त्यात एनबीसी, एबीसी, सीबीएस ही नावं येतील, ती अमेरिकेतली एकमेकांशी स्पर्धा करणारी टीव्ही नेटवर्कं. एनबीसीचा ‘द टुनाइट शो’ 1954 मध्ये स्टीव्ह ॲलनने सुरू केला. 1957 पासून जॅक पार. तो 1962 च्या मार्चअखेर बाहेर पडला. त्याच्या जागी ठरलेला जॉनी कार्सन तेव्हा एबीसीवरच्या एका गेम शोच्या करारात अडकलेला, म्हणून एनबीसीला सहा महिने पाहुण्या होस्टवर ढकलावे लागले. 1 ऑक्टोबर 1962 ला कार्सन बसला आणि पुढे तीस वर्षं उठला नाही. ते सहा महिने नाइलाजाचे होते, पण माझ्या मते कार्सनला मिळालेली ती सगळ्यात मोठी भेट होती. वेगवेगळी माणसं येऊन गेली, पारची सवय आपोआप मोडली आणि ऑक्टोबरात प्रेक्षकाला ‘चला, कुणीतरी कायमचं आलं’ असं वाटायला जागा झाली.

1992 मध्ये हे सगळं उलटं झालं. कार्सनने मे 1991 मध्ये एनबीसीच्या एका जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं की पुढच्या मे महिन्यात मी थांबतो. वरिष्ठांनाही ते अनपेक्षित होतं. अडचण अशी की वारसदार दोन होते. डेव्हिड लेटरमन 1982 पासून कार्सनच्या पाठोपाठचा तास चालवत होता आणि हे घर पुढेमागे आपलंच, असं मानून बसला होता. जे लेनो 1987 पासून कार्सनच्या सुट्टीत बसणारा कायमचा पाहुणा होस्ट. त्याच्या आधी ते काम जोन रिव्हर्सकडे होतं. 1986 मध्ये तिने नव्या फॉक्स नेटवर्कवर स्वतःचा रात्रीचा शो घेतला तेव्हापासून कार्सन तिच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. एवढा या खुर्चीचा राग-लोभ.

एनबीसीने लेनोला निवडलं. शुक्रवारी, 22 मे 1992 ला कार्सनचा निरोप झाला आणि सोमवारी, 25 तारखेला लेनो सुरू. मध्ये फक्त शनिवार-रविवार. त्या पहिल्या रात्री लेनोने कार्सनचं नावसुद्धा घेतलं नाही. त्याची मॅनेजर हेलन कुशनिक तेव्हा शोची एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरही होती आणि नाव घ्यायचं नाही हा तिचा हुकूम. आपली ती चूक होती हे लेनोने पुढे कबूल केलं. पाहुण्यांच्या बुकिंगवरून कुशनिकने इतकी भांडणं ओढवून घेतली की सप्टेंबरात एनबीसीने तिला काढलं.

पण खरं दुखणं लेटरमनचं होतं. तो अजून एनबीसीच्याच पगारावर होता आणि सीबीएस त्याला साडेअकराची वेळ द्यायला निघालेलं. मग एनबीसीत पुन्हा खल सुरू झाला, की लेनोला उठवून लेटरमनला बसवायचं का? यावर वरिष्ठांची फोनवर बैठक चालली होती, तेव्हा लेनो शेजारच्या कपाटवजा खोलीत लपून सगळं ऐकत होता. ही दंतकथा वाटेल, पण लेनोने स्वतः मान्य केलेली गोष्ट आहे. मी ती प्रत्येक नव्या चॅनेल-हेडला सांगतो. ज्याला तुम्ही रोज रात्री देशाला हसवायला बसवलंय त्याला स्वतःची नोकरी आहे की नाही हे कळायला कपाटात शिरावं लागत असेल, तर प्रेक्षकाला त्या खुर्चीत स्थिर माणूस दिसेल कसा?

शेवटी लेटरमन सीबीएसला गेला. 30 ऑगस्ट 1993 ला न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमधून ‘द लेट शो’ सुरू झाला आणि जवळजवळ दोन वर्षं त्याने लेनोला मागे ठेवलं. 10 जुलै 1995 ला नुकताच अटकेच्या भानगडीत सापडलेला ब्रिटिश नट ह्यू ग्रँट लेनोसमोर आला. लेनोने पहिलाच प्रश्न सरळ विचारला, ‘तू काय विचार करून हे केलंस?’ त्या रात्रीपासून पारडं फिरलं. म्हणजे लेनोची निवड चुकली होती असं म्हणता येत नाही. हस्तांतर इतकं वाईट झालं की त्याचं व्याज तो तीन वर्षं फेडत बसला.

आणि कार्सन? तो खरोखर घरी गेला. त्यानंतर टीव्हीवर जवळपास दिसलाच नाही. मे 1994 मध्ये मात्र तो लेटरमनच्या मंचावर आला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. तो लेटरमनच्या खुर्चीत बसला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. लेनोच्या शोवर तो कधीच गेला नाही. आपल्याकडे याला ‘न बोलता सगळं बोलून जाणं’ म्हणतात.

2010 चं प्रकरण तुम्हाला बहुधा ठाऊक असेल, पण त्यातलं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. कोनन ओब्रायन म्हणजे 1993 मध्ये लेटरमनच्या रिकाम्या जागी, रात्री साडेबाराला बसवलेला तिशीचा अनोळखी लेखक. सुरुवातीला एनबीसी त्याला तेरा-तेरा आठवड्यांची मुदतवाढ देत असे. ते त्याने सोसलं आणि आपला प्रेक्षक उभा केला. तो दुसरीकडे जाऊ नये म्हणून 2004 मध्ये एनबीसीने वचन दिलं, की 2009 मध्ये ‘टुनाइट शो’ तुझा. पाच वर्षं पुढचा चेक. तो वटवायची वेळ आली तेव्हा लेनो पहिल्या क्रमांकावर होता. असा माणूस एबीसीला गेला तर? या धास्तीने एनबीसीने ‘टुनाइट शो’ कोननला दिला, पण लेनोलाही रात्री दहाचा तास दिला, आठवड्याचे पाच दिवस.

आपल्याकडे वाहिनी केबलने किंवा डिशने थेट घरात येते. तिथे एनबीसीसारखं नेटवर्क गावोगावच्या संलग्न स्टेशनांमार्फत पोचतं. पूर्वेकडच्या वेळेनुसार आठ ते अकरा नेटवर्कचं, अकरा ते साडेअकरा स्टेशनच्या स्वतःच्या बातम्या आणि मग पुन्हा नेटवर्कचा टॉक शो. त्या अर्ध्या तासाच्या बातम्यांवर स्टेशनचं पोट चालतं. दहाला मालिका असते तेव्हा तिचा प्रेक्षक वाहत बातम्यांकडे येतो, बातम्यांचा पुढे टॉक शोकडे. आमच्या धंद्यात याला लीड-इन म्हणतात. सप्टेंबर 2009 मध्ये दहाला लेनो आला, मालिकांपेक्षा कितीतरी स्वस्तात, आणि आकडे पडले. पाठोपाठ बातम्यांचे पडले आणि कोननचेही पडले. कोनन तर तोवर एकूण प्रेक्षकसंख्येत लेटरमनच्या मागे गेला होताच.

स्टेशनं चिडली. जानेवारी 2010 मध्ये एनबीसीने तोड काढली: लेनोला 11:35 ला अर्धा तास, कोननचा ‘टुनाइट शो’ 12:05 ला. कोननच्या करारात ‘टुनाइट शो’ होता, पण साडेअकराची वेळ लिहिलेली नव्हती. तुम्ही या धंद्यात असाल तर हे अधोरेखित करून ठेवा. मी तेव्हापासून कुठल्याही होस्टच्या करारात वेळेचं कलम आधी शोधतो. कोननने जाहीर पत्रक काढून नकार दिला. त्याचा मुद्दा साधा होता: 12:05 म्हणजे तारीख बदलली, मग तो ‘टुनाइट’ कसला? सुमारे साडेचार कोटी डॉलरला तडजोड झाली. त्यातली मोठी रक्कम त्याची, बाकीची त्याच्या माणसांची. ती माणसं बायका-मुलांसह न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवून आलेली होती. 22 जानेवारीला कोननचा शेवटचा एपिसोड झाला, 1 मार्चला लेनो परत आपल्या टेबलामागे.

हे वाचताना मला माझाच घाम आठवतो. आमचा आठवड्यातून दोनदा लागणारा गप्पांचा कार्यक्रम होता. जुना होस्ट सहा फुटी, आवाज खर्जातला. वाहिनीला बदल हवा होता, म्हणून एक चटपटीत, पाच फूट एक इंच उंचीची मुलगी घेतली. सेट तोच ठेवला, पैसे वाचले म्हणून मीही खूश. पहिल्या शूटला ती खुर्चीत बसली आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती खुर्ची त्या सहा फुटी माणसासाठी बनवून घेतलेली होती. आर्टच्या पोराने धावत जाऊन पायाखाली लाकडी खोका सरकवला, वर काळं कापड टाकलं. कॅमेऱ्यात खोका दिसू नये म्हणून तिला सांगितलं, पाय हलवू नकोस. बिचारी तीन तास पाय न हलवता बसली. दुसऱ्या दिवशी चॅनेलचा शेरा आला: ‘होस्ट थोडी स्टिफ वाटते.’

लिखाणाचंही तेच. आमचे दोन लेखक त्या जुन्याच्या श्वासावर लिहिणारे. तो वाक्य लांबवत न्यायचा, क्रियापदावर येऊन थांबायचा, भुवई उचलायचा आणि तिथे हशा पडायचा. ती भराभर बोलणारी. हशा उठायच्या आत पुढच्या वाक्यात पोचलेली असायची. टेलिप्रॉम्प्टरवर अक्षरं तीच, पण विनोद मेलेला. चौथ्या एपिसोडला आम्ही ती खुर्ची काढली, होस्ट आणि पाहुणा एकाच सोफ्यावर बसवले. लेखकांना सांगितलं, स्क्रिप्ट मेल करू नका, तिच्यासोबत बसून ती कशी बोलते ते ऐका आणि मग लिहा. थोडी सुधारणा झाली. पण तोवर वाहिनीने त्या जुन्या होस्टला त्याच आठवड्यात संध्याकाळी साडेसातचा नवा कार्यक्रम दिला होता. त्याचा प्रोमो आमच्याच ब्रेकमध्ये लागायचा! प्रेक्षक तिला बघता बघता दर दहा मिनिटांनी त्याला बघत होता. तेरा एपिसोडांत गाशा गुंडाळला. दुसऱ्या वेळी मी हट्टाने तीन महिने स्लॉटवर भलतंच काहीतरी लावलं, सेट मोडला आणि मग नवा माणूस आणला. तो शो चार वर्षं चालला.

म्हणून 2014-15 च्या बदलांकडे मी जरा आदराने बघतो. लेनो 6 फेब्रुवारी 2014 ला गेला. मध्ये सोचीचं हिवाळी ऑलिम्पिक होतं, ते चालू असतानाच 17 तारखेला जिमी फॅलन आला. शो लॉस एंजेलिसहून उचलून न्यूयॉर्कला नेला, बँड म्हणून फॅलनचाच जुना ‘द रूट्स’. शहर बदललं, वाद्यवृंद बदलला. लेनोच्या शोचा उरलेला वासही शिल्लक ठेवला नाही.

सीबीएसने तर त्याहून पुढे पाऊल टाकलं. लेटरमनने एप्रिल 2014 मध्ये निवृत्ती जाहीर केली, आठवड्याभरात स्टीव्हन कोल्बेरचं नावही जाहीर झालं. दोन वारसदारांना झुंजवत ठेवायचा मोह टाळला, हे महत्त्वाचं. लेटरमनचा शेवटचा शो 20 मे 2015 ला. दुसऱ्या दिवशी थिएटरबाहेर कचऱ्याच्या मोठ्या डब्यांत त्याच्या सेटचे तुकडे पडले होते आणि चाहते ते घरी नेत होते. काहींना तो अपमान वाटला. मला विचाराल तर तो उत्तम निर्णय होता. मग साडेतीन महिने थिएटरची डागडुजी झाली, अनेक वर्षं झाकलेला घुमट उघडा केला आणि 8 सप्टेंबरला कोल्बेर उभा राहिला.

तरीही त्याचं पहिलं वर्ष रडतखडत गेलं, हेही सांगायला हवं. त्याआधी नऊ वर्षं त्याने कॉमेडी सेंट्रल या केबल वाहिनीवर एका तर्कट, उजव्या भाष्यकाराचं सोंग वठवलेलं. ते सोंग उतरवल्यावर खाली कोण आहे हे प्रेक्षकाला माहीत नव्हतं, आणि बहुधा त्यालाही पुरतं सापडलं नव्हतं. शिवाय शोचा सगळा कारभारही तो स्वतःच ओढत होता. 2016 च्या एप्रिलात ख्रिस लिच्ट या सकाळच्या बातम्यांच्या निर्मात्याला कारभारी म्हणून आणलं. जुलैत दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या रात्री शो लाइव्ह केला. ट्रम्प निवडून आल्यावर लोकांना रात्री झोपण्याआधी याच विषयावर कुणाचं तरी बोलणं ऐकायचं होतं, आणि 2016-17 च्या हंगामात कोल्बेर एकूण प्रेक्षकसंख्येत पहिला आला. दीड वर्ष लागलं. सीबीएसने त्या दीड वर्षात लेटरमनला ‘एक दिवस येऊन जा’ म्हणून बोलावलं नाही, की कोल्बेरला तेरा आठवड्यांच्या दोरीवर लटकवलं नाही.

कॉमेडी सेंट्रलवरच्याच ‘द डेली शो’ची कथा थोडक्यात सांगतो. 1999 पासूनचा जॉन स्ट्युअर्ट ऑगस्ट 2015 ला गेला, सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर नोआ आला. तो टिकला सात वर्षं. 2023 मध्ये पाहुणे होस्ट आजमावत बसले, कुणावरच एकमत होईना. शेवटी फेब्रुवारी 2024 पासून स्ट्युअर्टच परत, पण फक्त सोमवारी, आणि बाकीचे दिवस वार्ताहर मंडळी आळीपाळीने. नेहमीच्या हिशेबाने जुन्याला परत आणणं म्हणजे नव्यांचा गळा घोटणं. इथे ते निभावलं, कारण चार दिवसांच्या शोतला एकच दिवस त्याला दिला आणि तो दिवस प्रेक्षकाला नीट माहीत होता.

होस्ट बदलायची पाळी कधी तुमच्यावरच आली तर कामं या क्रमाने करा. जुन्याशी आधी बोला, लेखी बोला: किती महिने आपल्याच वाहिनीवर दिसणार नाही, कुठल्या वेळेला दिसणार नाही. नाव डावललेल्या माणसाला तुम्ही स्वतः, समोर बसून सांगा. त्याला ते बातमीतून कळता कामा नये. मग खंड ठेवा, निदान सहा आठवडे. जाहिरात विभाग बोंब मारेल, मारू द्या. जुन्याच्या टीममधले कोण ठेवायचे हे नव्याला ठरवू द्या, पण फ्लोअर मॅनेजर मात्र जुनाच ठेवा. पाहुणा उशिरा आला, माईक बंद पडला की काय करायचं ते त्यालाच ठाऊक असतं. पहिल्या रात्री जुन्याचं नाव एकदा, मनापासून, अर्ध्या मिनिटात घ्या आणि पुढे व्हा. आणि खुर्चीची उंची मोजा. हे मी विनोदाने लिहीत नाही.

आता मात्र ही सगळी विद्या कितपत कामाला येईल, शंकाच आहे. 17 जुलै 2025 ला सीबीएसने जाहीर केलं की ‘द लेट शो’ मे 2026 मध्ये बंद. कारण निव्वळ आर्थिक, असं नेटवर्कचं म्हणणं. त्याआधी काही दिवस कोल्बेरने सीबीएसच्या मालक कंपनीने ट्रम्पशी केलेल्या तडजोडीवर शोमध्येच कोरडे ओढले होते, त्यामुळे त्या कारणावर बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही. प्रेक्षकांना ही बातमी कोल्बेरने स्वतः मंचावरून दिली. हॉलमधून नाराजीचे आवाज उठले. तो म्हणाला, माझ्या जागी दुसरं कुणी येत नाहीये, हे सगळंच जातंय. आणि मग इथे काम करणाऱ्या दोनशे जणांचे आभार मानले.